दुसऱ्याच्या कन्सेप्टवरून केलेलं काम पोर्टफोलिओत ठेवावं का?

पत्र्याचीशेड

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मी थ्रीडी शिकलोय. गेमसाठी लागणारे प्रॉप्स (वस्तू) आणि एन्व्हायर्नमेंट (परिसर). कर्वेनगरला राहतो, कोर्स संपून आठ महिने झाले. पोर्टफोलिओत पाच कामं आहेत. त्यातलं सगळ्यात बरं जमलेलं म्हणजे कंदील दुरुस्त करणाऱ्याची हातगाडी. वर पत्र्याचं छप्पर, छपराला लटकवलेले दहा-बारा कंदील, खाली फुटक्या काचांचा ढीग. चार महिने घातले त्यात. पण डिझाइन माझं नाही. आर्टस्टेशनवर, म्हणजे चित्रकार आपली कामं टाकतात त्या साइटवर, पोलंडच्या एका चित्रकाराचं चित्र (कन्सेप्ट म्हणतात ते) दिसलं, फार आवडलं, त्यावरून केलं.

गेल्या आठवड्यात पुण्यातल्याच एका स्टुडिओत मुलाखत होती. समोरच्या मॅडमनी ते मॉडेल फिरवून फिरवून पाहिलं, वायरफ्रेम (मॉडेलची रेषांची जाळी) पाहिली, मानही डोलावली. मी मनात पेढे वाटायला लागलो. मग त्यांनी विचारलं, "छप्पर मागच्या बाजूला कशावर टेकलंय?" मी म्हटलं, "मूळ चित्रात मागची बाजू दिसतच नाही." त्या म्हणाल्या, "मूळ चित्र? कोणाचं?"

पानावर कुठेच लिहिलेलं नव्हतं. लपवायचं म्हणून नाही हो. कोर्सला कोणीच लिहायचं नाही. सर म्हणायचे, तो रेफरन्स आहे, रेफरन्सचं नाव कोण लिहीत बसतं? आणि त्या क्षणी मला नाव आठवेना. चार महिने ज्याचं चित्र शेजारच्या स्क्रीनवर उघडं होतं त्याचं नाव आठवेना.

त्या रागावल्या वगैरे नाहीत. पुढचे दोन प्रश्न पटापट विचारले आणि "कळवतो" म्हणाल्या. कळवलेलं नाही.

आता मित्र म्हणतो, स्वतःचं डिझाइन नसेल तर ती चोरीच, सगळं काढून टाक. पण मला चित्र काढता येत नाही. मी माणूस काढला तर बाबा विचारतात, हा बटाटा कशाला काढलास. पाचातली चार कामं दुसऱ्यांच्या चित्रांवरून आहेत. ती काढली तर पोर्टफोलिओत उरते एक बादली. काय करू?

सदाशिव४११०३०

मॉडेलला चार महिने मिळाले आणि नाव लिहायला चार सेकंद मिळाले नाहीत. बाकी काम उत्तम असणार, शंका नाही.

नॉर्मलमॅप

सदाशिवराव, पोरगा स्वतःहून सांगतोय, जरा दमानं.

पत्र्याचीशेड, मी या धंद्यात अकरा वर्षं आहे, त्यातली शेवटची चार लीड म्हणून. पोर्टफोलिओ बघणं हा माझ्या कामाचाच भाग आहे. आधी मित्राची चूक सांगतो, मग तुझी.

मित्राची चूक अशी, की त्याला स्टुडिओत काम कसं चालतं ते माहीत नाही. प्रॉप आर्टिस्ट, एन्व्हायर्नमेंट आर्टिस्ट, कॅरॅक्टर आर्टिस्ट यांच्यापुढे सकाळी येतं ते दुसऱ्याने काढलेलं चित्रच. पुण्यात तर बाहेरच्या देशांतल्या गेमचं काम भरपूर येतं. कन्सेप्ट तिकडून येतो, कधी पुढून-बाजूने-मागून काढलेला, कधी नुसतं एकच धुकट चित्र आणि खाली दोन ओळी. ते बघून मॉडेल करायचं, हीच नोकरी. मग त्याच नोकरीसाठी अर्ज करताना दुसऱ्याच्या कन्सेप्टवरून केलेलं काम दाखवणं चूक कसं होईल? कित्येक कंपन्या आर्ट टेस्ट देतात तेव्हा कन्सेप्ट स्वतःच तुमच्या हातात देतात. पॉलीकाउंट या थ्रीडीवाल्यांच्या फोरमवर एन्व्हायर्नमेंटचं आव्हान असतं, त्यातही तयार कन्सेप्ट देतात, चित्रकाराच्या नावासकट. तू कन्सेप्ट आर्टिस्टच्या जागेसाठी अर्ज केला असतास तर गोष्ट वेगळी, तिथे कल्पनाच विकायची असते.

आता तुझी चूक. नाव लिहिलं नाहीस हे तर झालंच, पण मला वाटतं त्या बाईंचं मन नावाच्या आधीच उडालं. "मूळ चित्रात मागची बाजू नाही" हे उत्तर ऐकूनच.

चित्र काढणारा एका कोनातून काढतो आणि बेमालूम थापा मारतो. त्याचं कामच ते. कंदील लटकतोय असं दिसतं, पण आकडा काढलेला नसतो. चाकाचा आस सावलीत बुडवलेला असतो. छप्पर इतकं पुढे आलेलं असतं की खरी गाडी तोंडावर पडेल. चित्रात ते खपतं. गेममध्ये खेळणारा गाडीला वळसा घालून मागे जाणार, वाकून खाली बघणार. तेव्हा आस कुठे, आकडा कुठे, पत्र्याला खिळा आहे की तार गुंडाळली आहे, हे सगळं थ्रीडीवाल्याने ठरवायचं. आम्ही पोर्टफोलिओत बघतो ते हेच. पुढची बाजू चित्रासारखी दिसतेय हे पाच सेकंदांत कळतं. त्यानंतर माझा हात आपोआप माउस ओढून मॉडेल पाठमोरं करतो.

म्हणून कन्सेप्टचं नाव आणि दुवा देण्यात तुझाच फायदा आहे. मी दोन्ही शेजारी ठेवून बघतो. प्रमाण नीट उचललंय का, कुठे बदललंय, का बदललंय, रंग तेच ठेवले पण पत्र्याचा गंज स्वतः शोधलाय का. मूळ चित्रच समोर नसेल तर तुझं निम्मं काम मला दिसतच नाही. वर मी ते चित्र आधी कुठे पाहिलेलं असेल तर उरलेल्या निम्म्यावरही शंका येते. आणि आम्ही पाहिलेलं असतं रे. या धंद्यातली माणसं रात्री झोपायच्या आधी आर्टस्टेशनच चाळतात.

चारही कामं ठेव. नावं घाल, वर, ठळक, पहिल्या दोन ओळींत. खाली सॉफ्टवेअरच्या यादीनंतर बारीक अक्षरांत नको.

शाईसांडली

मी दुसऱ्या बाजूची. कन्सेप्ट आर्टिस्ट, औंधातून फ्रीलान्स करते.

नॉर्मलमॅपदादा, तुमचं बहुतेक सगळं पटलं, पण एक गोष्ट तुम्ही अलगद ओलांडून गेलात. नाव देणं आणि विचारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. "नाव दिलंय ना" म्हणजे गाडी न विचारता नेली, पण टाकीवर मालकाचं नाव चिकटवलं.

दोन वर्षांपूर्वी मी घाटावरच्या एका धोब्याच्या खोपटाचं चित्र टाकलं होतं. स्वतःच्या आनंदासाठी, कुठल्या कामाचं नाही. सहा महिन्यांनी मैत्रिणीने दुवा पाठवला. तेच खोपट, थ्रीडीत, एका मॉडेल विकायच्या साइटवर. दोरीवरच्या लाल लुगड्यासकट. लुगडं लालच का, तर माझ्या आजीचं तसं होतं म्हणून. खाली लिहिलेलं, "संपूर्णपणे माझी कल्पना". तक्रार केल्यावर ते उतरवलं गेलं, पण तोवर किती जणांनी विकत घेतलं असेल देव जाणे.

आणि याच्या अगदी उलट. गेल्या पावसाळ्यात एका मुलाची मेल आली, त्याच खोपटाबद्दल. "ताई, तुमच्या चित्रावरून सरावासाठी मॉडेल करू का? विकणार नाही, नाव आणि दुवा देईन, झाल्यावर दाखवेन." चार ओळी. मला इतकं बरं वाटलं की मी जुनी वही शोधून त्याला मागच्या भिंतीचं कच्चं रेखाटन पाठवलं. माझ्या डोक्यात मागची बाजू होती. मला कोणी विचारलीच नव्हती.

बहुतेक चित्रकार हो म्हणतात. आमचंही नाव चार ठिकाणी फिरतं. क्वचित कोणी नाही म्हणेल, तर दुसरं चित्र शोधायचं, चित्रांना काय तोटा आहे.

सदाशिव४११०३०

लुगड्याचं वाचून वाईट वाटलं. वरची खवचट कमेंट मागे घेत नाही, पण आवाज कमी करतो.

तानपुरा_घोरतो

विषय माझा नाही, मुलगी ॲनिमेशन शिकते म्हणून वाचतोय. एक विचारू का? ख्याल गाणारा बंदिश स्वतः बांधतो असं कुठे आहे? दोनशे-तीनशे वर्षांपूर्वीची बंदिश घेतो, चार ओळींची, आणि तासभर गातो. ऐकणाऱ्याला बंदिश पाठ असते, तो गवय्याने काय केलं ते ऐकायला आलेला असतो. तिथे कोणी "चोरी" म्हणत नाही. मग या मुलांच्याच मागे का लागायचं?

शाईसांडली

काका, उदाहरण छान आहे, पण ते माझ्या बाजूने बोलतंय! सदारंगाची बंदिश घ्या. अंतऱ्यात त्याची मुद्रा असते, "सदारंग" नाव शब्दांतच गुंफलेलं. गाणारा कोणीही असो, बंदिश गायली की बांधणाऱ्याचं नाव तोंडातून बाहेर पडतंच.

तानपुरा_घोरतो

हरलो. मुलीला हे वाचायला देतो.

काळाकोट

वकील आहे, शिवाजीनगर कोर्टात. बौद्धिक संपदेची कामं पाहतो. हा सल्ला नाही, गप्पा समजा. ज्याचं प्रकरण त्याने आपला वकील गाठावा.

वर सगळे रीतभात म्हणून बोलत आहेत. कायदा काय म्हणतो तेही पाहून घ्या, कारण या विषयात तो आश्चर्य वाटावं इतका स्पष्ट आहे. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या कलम १४ मध्ये कलाकृतीच्या मालकाचे हक्क दिले आहेत, आणि त्यात द्विमितीय कलाकृती त्रिमितीत दाखवणं हा हक्क शब्दशः लिहिलेला आहे. उलटही, त्रिमितीतली द्विमितीत. म्हणजे "मी चित्राची नक्कल केली नाही, मॉडेल केलंय" हा बचाव चालत नाही. थ्रीडी सॉफ्टवेअर घरोघरी येण्याच्या कितीतरी आधीपासून हे कायद्यात आहे, तेव्हा डोळ्यांपुढे पुतळे नि इमारती असतील.

"चित्रकार पोलंडचा, त्याला इथला कायदा कसा लागू?" लागू होतो. भारत १९२८ पासून बर्न करारात (कॉपीराइटचा आंतरराष्ट्रीय करार) आहे, त्या करारातल्या देशांतल्या कृतींना इथे संरक्षण मिळतं. नोंदणी केलेली असावी लागते हाही गैरसमज. चित्र काढलं की हक्क आला.

सवलती कलम ५२ मध्ये आहेत. खाजगी वापर, अभ्यास, टीका-समीक्षा यासाठी रास्त वापर चालतो. शिकताना शिक्षक किंवा विद्यार्थ्याने केलेली नक्कलही चालते. म्हणून वर्गात, घरी, हार्ड डिस्कवर कितीही मॉडेलं करा. पण नोकरी मिळवण्यासाठी जगापुढे मांडलेला पोर्टफोलिओ वर्गाच्या उंबऱ्याबाहेर येतो. तिथे रास्त वापराच्या भरवशावर बसण्यापेक्षा चार ओळींची मेल स्वस्त पडते. परवानगीची मेल जपून ठेवा.

नावाचा मुद्दा कलम ५७ मध्ये. कृती आपली आहे हे सांगण्याचा हक्क चित्रकाराकडे राहतो, अगदी त्याने कॉपीराइट विकून टाकला असला तरी. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांनी विज्ञान भवनातल्या आपल्या भित्तिशिल्पासाठी याच कलमावर सरकारविरुद्ध खटला लढवला आणि २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात जिंकला.

आणि एक खाच. चित्रकार नोकरीत असताना कामाचा भाग म्हणून चित्र काढत असेल तर, वेगळा करार नसेल तर, पहिला मालक कंपनी. कलम १७. म्हणजे एखाद्या गाजलेल्या गेमच्या आर्टबुकातलं चित्र घेतलंत तर चित्रकाराने प्रेमाने दिलेला होकार पुरेसा नाही. कंपन्या चाहत्यांच्या कामाकडे बहुधा काणाडोळा करतात. तो काणाडोळाच असतो, परवानगी नसते.

रेंडर_अडकलं

एवढी कटकट कशाला? एआयला सांगा "कंदिलाची हातगाडी, पावसाळी संध्याकाळ", दहा चित्रं देतो. कोणाला विचारायचं नाही, नाव लिहायचं नाही, कलम बिलम काही नाही.

नॉर्मलमॅप

करून पाहा आणि त्या चित्रावरून खरंच मॉडेल करायला बस. मी बसलो होतो, गंमत म्हणून. कंदिलाची कडी वर जाता जाता छपरात विरघळते. चाकाला पुढे सात आरे, मागे साडेपाच. चित्रकार थाप मारतो तेव्हा त्याला खरं काय ते माहीत असतं आणि आपण ते शोधू शकतो. इथे शोधायला काही नाहीच. दोन दिवस मी एका बिजागरीचा अर्थ लावत होतो, शेवटी कळलं की ती बिजागरी नाही, डाग आहे.

शिवाय मुलाखतीत "कन्सेप्ट कोणाचा" याचं उत्तर काय देणार?

शाईसांडली

आणि ते चित्र कोणाच्या चित्रांवर पोसलंय हेही विचारा. डिसेंबर २०२२ मध्ये आर्टस्टेशनचं पहिलं पान एआयविरोधी निषेधाच्या चित्रांनी भरून गेलं होतं. त्यात एक माझंही होतं. तो वाद इथे नको, धागा भलतीकडे जाईल.

रेंडर_अडकलं

बरं बरं. नुसतं विचारलं.

जुनाब्रश

मी ६८ वर्षांचा आहे. अभिनव कला महाविद्यालयात शिकलो, मग आयुष्यभर कमर्शिअल आर्ट. शोकार्ड, दुकानांच्या पाट्या, गणपतीचे देखावे, सगळं केलं. संगणकावर मॉडेल कसं करतात ते मला नातवाने दाखवलं, त्याच्या मागे बसून हा धागा वाचतोय.

आमच्या वेळी दुसऱ्याचं चित्र उचलायची पद्धत म्हणजे चौकटी आखणे. लहान फोटोवर पेन्सिलीने चौकटी, मोठ्या फळीवर खडूने तितक्याच चौकटी, आणि एकेक घर भरत जायचं. माझे उस्ताद सांगायचे, घर बघून घर भरू नकोस, आधी दूर जाऊन सगळं बघ. जो घरामागून घर भरायचा त्याची नाकं बरोबर यायची पण चेहरा यायचा नाही. तुमच्यात चौकटी नसतील, पण हा मुलगा जे म्हणाला, मागची बाजू चित्रात नव्हती, ते वाचून मला तीच घरं आठवली.

बोर्ड रंगवणारा खाली उजव्या कोपऱ्यात आपलं नाव टाकायचा, बारीक. मालक पैसे देताना तेवढ्यावरून कटकट करायचे, "नाव कशाला, बोर्ड माझा आहे." तरी टाकायचे. पेठांतून हिंडताना अजून एखादी जुनी पाटी दिसली की मी आधी दुकानाचं नाव वाचत नाही, तो कोपरा बघतो.

वकीलसाहेबांना एक विचारायचं आहे. आमच्या पिढीने दीनानाथ दलालांची दिवाळी अंकांची मुखपृष्ठं बघून हात वळवला. नातू म्हणतो, आजोबा, दलालांच्या चित्रातली बाई थ्रीडीत करू. चालेल का?

काळाकोट

काका, लेखक-चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो, कलम २२. दलाल गेले १९७१ मध्ये. म्हणजे २०३१ अखेरपर्यंत थांबा, किंवा हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांना विचारा. धुरंधर चालतील. म. वि. धुरंधर १९४४ मध्ये गेले, त्यांच्या हयातीतल्या चित्रांवरचे हक्क २००४ अखेर संपले. रविवर्मा १९०६ मध्ये गेले, तिथे तर प्रश्नच नाही.

नाव मात्र तरीही लिहा. कायद्यासाठी नाही. धुरंधरांची बाई "माझी कल्पना" म्हणून खपवली तर महाराष्ट्रात कोणी ना कोणी पकडेलच.

नॉर्मलमॅप

धुरंधर! हे मला सुचलंच नव्हतं. त्यांच्या चित्रांत कपडे, दागिने, भांडी इतकी नेमकी आहेत की कॅरॅक्टरवाल्यांना वर्षभर पुरतील. आणि वीस जणांनी आधी केलेलं नसेल. हे महत्त्वाचं आहे. आर्टस्टेशनवर जे चित्र प्रचंड गाजतं ते शंभर जण करायला घेतात, मग तुझं काम बघताना माझ्या डोक्यात त्यातलं सगळ्यात चांगलं काम असतं. मागे एकाच संस्थेतून आलेल्या सात पोर्टफोलिओंत एकच लाकडी पेटी होती, एकाच कन्सेप्टवरून, एकाच प्रकाशात. सातवी पेटी मी उघडलीही नाही. त्यात कदाचित सातवीच चांगली असेल, पण दुपारचे चार वाजले होते.

पत्र्याचीशेड

बापरे, एवढं सगळं! लाइट गेली होती, आत्ता वाचलं. सगळ्यांचे आभार. सदाशिवकाका तुमचेसुद्धा.

ब्राउझरच्या हिस्ट्रीत खणून त्या चित्रकाराचं नाव सापडलं. काल रात्री मेल केली. शाईसांडलीताई, तुमच्या त्या मुलासारखी चार ओळींत जमली नाही, पानभर झाली. आधी न विचारता केलं हेही लिहिलं. बाकी तिघांनाही लिहिलंय. उत्तर येईपर्यंत चारही कामं झाकून ठेवली आहेत, सध्या पोर्टफोलिओत फक्त बादली.

एक शंका. सहावं, नवीन काम स्वतःच्या डिझाइनचं करू का? म्हणजे जास्त वजन पडेल?

नॉर्मलमॅप

बटाटा काढणाऱ्याने लगेच डिझाइनच्या मागे लागू नये. स्पष्ट बोलतोय, राग मानू नकोस. कच्चं डिझाइन चांगल्या मॉडेललाही खाली ओढतं, आणि बघणारा वेगवेगळे मार्क देत बसत नाही. एकंदरीत "बरं नाही" म्हणतो आणि पुढे जातो.

पण मधली वाट आहे. खरी वस्तू. कन्सेप्ट नको, कल्पना नको. केळकर संग्रहालयात जा. दिवे, कुलपं, अडकित्ते, नुसत्या अडकित्त्यांपुढे तासभर उभा राहशील. किंवा विश्रामबागवाड्यातले सुरूच्या आकाराचे खांब. एक खांब घे, त्याची कमान घे, पाया घे, ते तुकडे असे कर की जोडून अख्खा चौक उभा राहील. मॉड्युलर किट म्हणतात ती हीच. टेक्सल डेन्सिटी, म्हणजे मॉडेलच्या एका मीटरला टेक्स्चरचे (वर चढवलेल्या रंग-पोताच्या चित्राचे) किती पिक्सेल ते, सगळ्या तुकड्यांना सारखी ठेव, पहिल्या व्यक्तीच्या नजरेचा (पात्राच्या डोळ्यांतून दिसणारा) गेम धरला तर मीटरला १०२४ पिक्सेल, तिसऱ्या व्यक्तीचा (पात्र बाहेरून दिसणारा) धरला तर ५१२. आणि खांब कुठे झिजलाय ते बघ. माणसाचा हात जिथे लागतो तिथे लाकूड काळं नि गुळगुळीत असतं, सगळीकडे सारखं नसतं. नवशिक्यांची टेक्स्चर्स बघ, सगळ्या कडा एकसारख्या झिजलेल्या. अख्खी वस्तू कोणी पिशवीत घालून हलवल्यासारखी.

काळाकोट

दोनशे वर्षांपूर्वीच्या वाड्यावर कोणाचा कॉपीराइट नाही. आत फोटो काढायचे तर तिथले नियम विचारून घ्या, तो वेगळा विषय.

सदाशिव४११०३०

आणि संग्रहालयात अडकित्त्यांपुढे तासभर उभं राहाल तर मागच्या माणसालाही बघू द्या.

पत्र्याचीशेड

नऊ दिवसांनी आलोय. उत्तर आलं!

पोलंडवाले म्हणतात, ठेव. नाव आणि दुवा वर हवा, विकायचं नाही, गेममध्ये वापरायचं नाही. चित्र त्यांनी स्वतःसाठी काढलेलं, कुठल्या कंपनीचं नाही, हेही लिहिलंय. बाकी तिघांपैकी एकीने होकार दिला. एकाने नकार दिला, त्या चित्रावर त्यांचा स्वतःचा गेम येतोय म्हणे, ते काढून टाकलं. एकाचं उत्तर अजून नाही, ते झाकलेलंच आहे.

पण खरी गंमत पुढे. पोलंडवाल्यांनी शेवटी विचारलंय, "छपराच्या मागे तू काय केलंस? मला ते कधी सुचलंच नाही, बघायची उत्सुकता आहे."

आता तुमच्यापुढे कबूल करतो. मुलाखतीत मी अर्धंच सांगितलं होतं. मागे काहीच नाहीये. चित्रातल्या कोनातून दिसणार नाही म्हणून मागचे पॉलिगॉन, म्हणजे मॉडेलचा पृष्ठभाग बनवणारे तुकडे, मी उडवून टाकले होते. मॅडमनी मॉडेल फिरवलं तेव्हा त्यांना छपराच्या आरपार भिंत दिसली असणार. त्यांनी ते सरळ न बोलता "कशावर टेकलंय" असं विचारलं.

नॉर्मलमॅप

हाहा. बाई सभ्य आहेत. मी असतो तर "छप्पर कुठे आहे" असं विचारलं असतं.

शाईसांडली

अरे पण तो माणूस वाट बघतोय! चित्रकाराने स्वतःहून मागची बाजू मागितली आहे, हे रोज होत नाही. सोडू नकोस.

पत्र्याचीशेड

नाही सोडणार. फक्त मला खरंच कळत नाहीये की पत्र्याचं छप्पर हातगाडीवर कसं बसवतात. नेटवर फोटो शोधले तर सगळे पुढूनच काढलेले.

जुनाब्रश

त्यात काय. मंडईच्या आसपास सकाळी गाड्या लागतात, छपराच्याही असतात. गणपतीच्या देखाव्यांसाठी मी अशी छपरं स्वतः ठोकली आहेत. मागे दोन वासे असतात, त्यांना आडवी पट्टी, आणि पत्रा सरळ खिळ्याने ठोकत नाहीत, खिळ्याखाली टायरच्या ट्यूबचा तुकडा ठेवतात, नाहीतर पाणी गळतं. तो तुकडा तुझ्या मॉडेलमध्ये हवा. रविवारी सकाळी साडेसहाला ये, मी दाखवतो. नातवालाही आणतो.

पत्र्याचीशेड

येतो काका. कुठे भेटायचं?

जुनाब्रश

मंडईच्या मनोऱ्याखाली, टिळक पुतळ्याच्या बाजूला. मोजपट्टी मी आणतो, तू वही आण. बटाटे काढलेस तरी चालतील.

सदाशिव४११०३०

गाडीवाल्याला आधी विचारा आणि मगच माप घ्या. काहीतरी विकतही घ्या त्याच्याकडून. मी पण येतोय, मला तसंही कोथिंबीर आणायची आहे.